वाळवीचे पंख आले कुठून? तिचे सहाही पाय तर जागेवरच आहेत

तिरफळ
७ जुलै, रात्री १०:१५

मृगाची पहिली जोरदार सर येऊन गेली त्या संध्याकाळी आमच्या पडवीतल्या दिव्यावर पंखवाली वाळवी आली. दरवर्षी येते. दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलं, घरातले बाकीचे दिवे मालवले आणि झोपलो. सकाळी लेक पडवी झाडायला गेली ती केर न भरताच ओंजळभर पंख घेऊन आत आली. अकरा वर्षांची आहे. पक्ष्यांचे पंख म्हणजे बदललेले हात, हे तिने नुकतंच कुठेतरी वाचलं होतं.

"बाबा, चिमणीचे पंख म्हणजे तिचे हात. वटवाघळाचे पण हातच. मग वाळवीचे पंख म्हणजे तिचं काय? हिचे सहाही पाय आहेत, मी मोजले."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून महिनाभर रोज रात्री थोडं थोडं वाचतोय. मी कीटकशास्त्रज्ञ नाही, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. चुकेन तिथे सुधारा. पण जे हाती लागलंय ते इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्राण्यांना स्वतःच्या बळावर उडणं चारदाच साधलं: कीटक, टेरोसॉर (डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरीसृप), पक्षी आणि वटवाघळं. यातल्या शेवटच्या तिघांनी त्यासाठी हात दिले. कीटकांनी काहीच दिलं नाही. सहा पाय होते ते सहाच राहिले आणि वर चार पंख मिळाले. शिवाय सगळ्यांत आधी तेच उडाले. पंख स्पष्ट दिसतात असे सर्वांत जुने कीटक-जीवाश्म सुमारे ३२.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. टेरोसॉर आले २२-२३ कोटी वर्षांपूर्वी. मधली जवळजवळ १० कोटी वर्षं आकाश एकट्या कीटकांचं होतं.

मग हे पंख आले कुठून? यावर दोन जुनी मतं आहेत, दोन्ही १८७०च्या दशकातली. जर्मनीतले कार्ल गेगेनबाउर म्हणाले की पंख म्हणजे पाण्यातल्या पूर्वजांचे कल्ले. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले फ्रिट्झ म्युलर म्हणाले की पाठीच्या ढालीच्या कडा बाजूंना वाढत गेल्या आणि त्यांचे पंख झाले. म्युलर यांना हे सुचलं ते वाळवीच्या पिल्लांच्या पाठीवरचे पंखांचे कोंब पाहून! लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने ते पंख ठेवलेली काड्यापेटी पुन्हा उघडून पाहिली. डार्विन यांनीही 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या नंतरच्या आवृत्तीत प्राणिशास्त्रज्ञ लँडॉइस यांच्या निरीक्षणाचा आधार घेऊन लिहिलं आहे की कीटकांमध्ये श्वसनाच्या अवयवांचेच उडण्याचे अवयव झाले असण्याची बरीच शक्यता आहे.

दोन्ही मतांची अडचण अशी. पाठीची कडा म्हणजे नुसता पत्रा. त्याला बिजागरी नाही, हलवणारे स्नायू नाहीत. पंखाला तर बुडाशी बारीक बारीक तुकड्यांची गुंतागुंतीची बिजागरी असते. ती कुठून आली? उलट कल्ल्यांना सांधा असतो, स्नायू असतात, ते हलतात. पण मग कीटकांचे पूर्वज पाण्यातच राहत होते असं धरावं लागतं, आणि कीटक तर हवा आत घेणाऱ्या नळ्यांनी श्वास घेतात. ही व्यवस्था जमिनीवरच्या प्राण्याची आहे.

या वादाचं पुढे काय झालं ते मला समजलं ते आमच्या मोरीत. रविवारी कुर्ल्या आणल्या होत्या. पाठीचं कवच उचकटलं की दोन्ही बाजूंना करड्या, पिसांसारख्या निमुळत्या पट्ट्या दिसतात. आपण त्या काढून टाकतो. ते खेकड्याचे कल्ले. आजवर शेकडो वेळा काढले असतील, पण ते कुठे चिकटलेले असतात हे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते पायांच्या बुडाशी, पाय अंगाला मिळतो त्या ओळीत बसलेले आहेत.

आणि कीटक हे खेकडा-कोळंबीच्या कुळातलेच आहेत. जनुकांच्या अभ्यासातून हे आता पक्कं झालंय. कवचधारी प्राण्यांच्या वंशवृक्षाची एक फांदी जमिनीवर आली, ती म्हणजे कीटक. म्हणजे वाळवीच्या पंखांचं मूळ शोधायचं तर खेकड्याच्या पायाचं बूड बघायला हवं.

२०२० साली हेदर ब्रूस आणि निपम पटेल यांनी नेमकं हेच केलं. त्यांनी पॅरहायेल हवायेन्सिस नावाचा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, कोळंबीच्याच कुळातला समुद्रकाठचा प्राणी घेतला. पाय घडवणारी पाच जनुकं क्रिस्पर हे जनुकं कापायचं तंत्र वापरून एकेक करून बंद पाडली आणि पायाचं कोणतं कांडं गळतं ते पाहिलं. मग ते कीटकांशी ताडून पाहिलं. कीटकाच्या पायाला सहा कांडी, पॅरहायेलच्या पायाला सात. टोकाकडून मोजत आलं तर सहाच्या सहा तंतोतंत जुळतात. मग पॅरहायेलचं सातवं, अंगाजवळचं कांडं कीटकात गेलं कुठे? आणि फार जुन्या पूर्वजांना तर आठवंही कांडं होतं. ब्रूस-पटेल यांचं म्हणणं असं की ही कांडी नाहीशी झाली नाहीत, ती अंगात जिरली. कीटकाच्या छातीची बाजूची भिंत म्हणजे एकेकाळचा पाय. त्या जिरलेल्या कांड्यावर कानाच्या पाळीसारखी एक चपटी पाळी होती, ती पायाबरोबर वर सरकून पाठीच्या कडेला आली. तिचाच पंख झाला.

म्हणजे "पाठ की पाय?" या दीडशे वर्षांच्या भांडणाचं उत्तर असं निघतं की पाठीची ती कडाच मुळात पाय होती. माझ्या लेकीला मी हेच सांगितलं. वाळवीचे पंखही पायातूनच आले, फक्त जो भाग गेला तो पाय अंगात शिरताना गेला, म्हणून तुला पाय मोजून कळलं नाही.

बरोबर सांगितलं का मी?

सायली_क
७ जुलै, रात्री ११:०२

किती सुरेख लिहिलंय. तुमच्या लेकीला शाबासकी सांगा. एक विचारू? जुन्या पुस्तकांत ती चांदीसारखी चकचकीत, सरपटत पळणारी कसर असते. तिला पंख कधीच नसतात. तिचे गळून गेले की तिला कधी आलेच नाहीत?

तिरफळ
७ जुलै, रात्री ११:२०

सायलीताई, तिला कधी आलेच नाहीत. कसर पंख यायच्या आधीच वेगळ्या झालेल्या शाखेतली. पिसू, ऊ, ढेकूण यांचं उलटं आहे. त्यांच्या पूर्वजांना पंख होते, परजीवी आयुष्यात ते गेले. त्यामुळे पंखाआधीचं अंग कसं असेल हे बघायचं तर उवेकडे पाहून उपयोग नाही, कसरीकडे पाहावं लागतं. आणि तिच्याकडे नीट पाहिलंत तर छातीच्या ढाली बाजूंना पायांवरून पुढे आलेल्या दिसतील, वळचणीसारख्या. पाठीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा तो मोठा पुरावा.

जुनी_प्रयोगवही
८ जुलै, सकाळी ६:४०

तिरफळ, धागा वाचून मन भरून आलं. मी एकतीस वर्षं कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. तुम्ही मोरीत जे पाहिलंत ते आम्ही मुलांना कोळंबीत दाखवत असू.

पॅलिमॉन ही गोड्या पाण्यातली कोळंबी प्रात्यक्षिकाला असायची. तिला प्रत्येक बाजूला आठ कल्ले. ते कुठे चिकटलेत त्यावरून त्यांची नावं: एक पोडोब्रँक, म्हणजे उपांगाच्या पहिल्या कांड्यावरचा, दोन आर्थ्रोब्रँक, म्हणजे सांध्याच्या पातळ पडद्यावरचे, आणि पाच प्ल्युरोब्रँक, म्हणजे अंगाच्या भिंतीवरचे. मुलं घोकून पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि विसरून जायची. मीही कधी विचारलं नाही की एकच अवयव पायावर, सांध्यावर आणि भिंतीवर असा तीन ठिकाणी का असावा.

आता तुमचं लिखाण वाचून वाटतं, पायाचं बूड थोडं थोडं भिंतीत जिरत गेलं असेल तर हे तीन थांबे म्हणजे त्याच वाटेवरचे टप्पे म्हणून बघता येतात. पाय अंगात जिरतो हा विचार जुनाच आहे. हायमन्स यांनी १८९९ साली मांडला होता, स्नॉडग्रास यांच्या कीटकरचनेच्या लेखनातही तो भेटतो. आमच्याकडे तो अभ्यासक्रमात तळटीपेसारखा यायचा. तो जनुकांच्या प्रयोगातून परत उभा राहील असं वाटलं नव्हतं.

एक सावधगिरी सुचवतो. कल्ला म्हणजेच पंख असं मुलीला सांगू नका. कल्ला आणि पंख एकाच भागातून निघालेले शेजारी असू शकतात.

घर्षण
८ जुलै, सकाळी ९:१५

मी यंत्र अभियंता आहे. जीवशास्त्र दहावीला सुटलं. माझी शंका प्रामाणिक आहे, राग मानू नका.

पाळी होती हे मान्य. ती वर सरकली हेही मान्य. पण दोन मिलिमीटरच्या पाळीने उडता येत नाही. या आकाराला हवा आपल्याला लागते त्याहून फार 'दाट' लागते. छोट्या फळीला उचल जवळजवळ मिळतच नाही. मग उडणं जमेपर्यंतच्या लाखो पिढ्या त्या पाळीचा उपयोग काय होता? निरुपयोगी ओझं इतका काळ टिकत नाही.

तिरफळ
८ जुलै, दुपारी १:३०

घर्षण, राग कसला. नेमकी हीच शंका सेंट जॉर्ज मिव्हार्ट या जीवशास्त्रज्ञाने १८७१ साली डार्विनसमोर ठेवली होती, की अवयवाच्या सुरुवातीच्या अर्धवट अवस्थेचा उपयोग काय. डार्विन यांनी पुढच्याच वर्षीच्या सहाव्या आवृत्तीत त्यांना सविस्तर उत्तर दिलं.

तुमच्या भाषेतलं उत्तर मात्र १९८५ साली आलं. जोएल किंगसॉल्व्हर आणि मिमी कोल यांनी प्राचीन कीटकांच्या प्रतिकृती केल्या, त्यांना वेगवेगळ्या लांबीचे पंख लावले आणि वाऱ्याच्या बोगद्यात ठेवल्या. तुम्ही म्हणता तेच निघालं: आखूड पंखांनी उचलीत काहीच फरक पडत नव्हता. पण त्याच आखूड पंखांनी अंग उन्हात लक्षणीय जास्त तापत होतं. आणि ठरावीक लांबीनंतर तापण्यातली वाढ थांबत होती, तर साधारण तिथूनच पुढे उचलीचा फायदा सुरू होत होता. म्हणजे पाळी आधी उन्हाची पट्टी म्हणून वाढली असेल आणि अंगाचा आकार वाढल्यावर आपोआप हवेवर काम करू लागली असेल.

दुसरी शक्यता पाण्याची. १९९४ साली जेम्स मार्डेन आणि मेलिसा क्रेमर यांनी दाखवलं की ओढ्याकाठचे स्टोनफ्लाय नावाचे कीटक असतात, त्यांतले काही उडत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागावर पाय टेकवून पंख फडफडवत सरपटत जातात. वजन पाण्याने तोललेलं, पंखांनी फक्त पुढे ढकलायचं. अशा वेळी दुबळा पंखही कामाचा. मला हे चित्र फार आवडलं, पण ते अडचणीत आहे. २०१९ साली पॉलिनिऑप्टेरा गटाच्या (टोळ, झुरळं, वाळवी, स्टोनफ्लाय यातलेच) वंशवृक्षाचा मोठा अभ्यास आला, त्यात पंखवाल्या कीटकांचे पूर्वज जमिनीवर राहणारे निघाले.

तिसरी शक्यता झाडावरून पडण्याची. ती मला सगळ्यांत पटते. पेरू देशातल्या जंगलात स्टीफन यानोवियाक, मायकल कास्पारी आणि रॉबर्ट डडली यांनी कसरीच्या दूरच्या नातेवाइकांना, ब्रिसलटेलना, उंच झाडावरून सोडलं. त्यांना पंख नाहीत. तरी ते हवेत वळून पुन्हा खोडाकडे येतात. शेपटीसारखा लांब तंतू सुकाणूचं काम करतो. तो काढला की नेम चुकतो. २००९ साली हे छापून आलं. पडण्याला दिशा देणं पंखांच्या आधीच जमलेलं असेल, तर पाळी कितीही लहान असो, तिने वळण थोडं सुधारलं तरी पुरे. उचल नकोच, फक्त वळण हवं.

घर्षण
८ जुलै, दुपारी २:०५

वळणाचा मुद्दा पटला. उचल मोजायचीच गरज नाही, नियंत्रण मोजायचं. विमानाच्या शेपटावरचा छोटा पंखाही उडवत नाही, वळवतो. आता बिजागरीचं सांगा. पत्र्याला स्नायू कुठून मिळाले?

निळी_जास्वंद
८ जुलै, रात्री ९:४०

या धाग्यावर लिहायला उशीर झाला, इकडे दिवस सुरू असतो. मी परदेशात एका प्रयोगशाळेत ट्रायबोलियमवर काम करते. नाव परकं वाटेल, पण तो तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे: पावसाळ्यात रव्यात, पिठात सापडणारा तांबूस, तांदळाच्या दाण्याहूनही लहान भुंगेरा. आई चाळणीने जे किडे काढायची त्यांच्यावरच मी पीएच.डी. केली.

घर्षण यांच्या प्रश्नाचं उत्तर देते आणि तिरफळ यांना एका ठिकाणी थांबवते.

स्नायूंबद्दल: टोळाच्या छातीत असे स्नायू आहेत की ज्यांचं एक टोक पाठीला, दुसरं पायाच्या बुडाला. चालताना ते पाय हलवतात, उडताना तेच पंख हलवतात. दुहेरी कामाचे. पंखांसाठी सगळा स्नायूसंच नव्याने घडवावा लागला नाही. पायाचे स्नायू तिथेच होते, पंख त्यांच्या वाटेत आला.

आता मूळ वादाबद्दल. फळमाशीत वेस्टिजियल नावाचं जनुक आहे. ते बिघडलं की पंख खुरटतात. थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या, प्रसिद्ध माशांपैकी ही एक. पंखासाठी हे जनुक जणू मुकादम आहे. कर्टनी क्लार्क-हॅचेल, डेव्हिड लिंझ आणि योशिनोरी तोमोयासु यांनी २०१३ साली ट्रायबोलियममध्ये ते दाबलं. पंख गेले, ते अपेक्षितच होतं. पण छातीच्या पहिल्या खंडावर, जिथे पंख नसतातच, तिथेही दोन गोष्टी बिघडल्या: पाठीच्या ढालीची कडा आणि पायाच्या बुडाजवळच्या बाजूच्या पट्ट्या. दोन वेगळ्या जागा, मुकादम एकच. आणि पहिल्या खंडावर पंख उगवायला लावले, तर त्या दोन्ही जागांचा माल एकत्र येऊन पंख बनतो.

यालाच दुहेरी उगम म्हणतात. म्हणजे पाठीची कडाही खरी आणि पायाचं बूडही खरं. ढालीने पातळ पसरट पत्रा दिला, पायाच्या बुडाने बिजागरी आणि स्नायू. २०२० साली ब्रूस-पटेल यांच्या लेखाबरोबर त्याच अंकात क्लार्क-हॅचेल आणि तोमोयासु यांचाही लेख होता. प्राणी तोच पॅरहायेल, पण त्यांनी वेस्टिजियल बंद केलं होतं, आणि निष्कर्ष दुहेरी उगमाच्या बाजूचा होता. म्हणून तिरफळ, "उत्तर निघालं" असं मी लेकीला सांगितलं नसतं. ब्रूस-पटेल यांचं उत्तर भक्कम आहे, पण वर्गात दुसरा हात अजून वर आहे.

आणि २०२२ साली जपानमधून रातकिड्यावरचं काम आलं. पिल्लाचा पंख वाढताना पेशी कुठून येतात ते त्यांनी पाहिलं. मुख्य वाटा पाठीच्या कडेचा निघाला.

दगड_वाचणारा
९ जुलै, सकाळी ७:२०

सगळे जिवंत प्राण्यांबद्दल बोलताय, मी थोडं मेलेल्यांबद्दल बोलतो.

आपल्याकडच्या वाचकांना आधी एक सांगायला हवं. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पंखांची गोष्ट त्याच्या पाच-सहा पट जुनी. तेव्हा भुलेश्वर-नाणेघाटात हातोडी घेऊन जाऊन उपयोग नाही.

या गोष्टीत खरी अडचण आहे ती हरवलेल्या पानांची. साधारण ३८.५ ते ३२.५ कोटी वर्षांच्या मधल्या काळातले कीटक जवळजवळ सापडतच नाहीत. त्याआधी पंख दिसत नाहीत, त्यानंतर एकदम पूर्ण तयार पंख दिसतात. जर्मनीत बिटरफेल्डजवळ मिळालेला डेलिट्शाला हा अगदी सुरुवातीच्यांपैकी. त्याचे पंख शिरांच्या जाळ्यासह पूर्ण घडलेले. अर्धा पंख अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.

त्याहून मागे जायचं तर स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडात जावं लागतं. सुमारे ४०.७ कोटी वर्षं जुना, गरम झऱ्याच्या गाळात गोठलेला. त्यात ऱ्हायनिओग्नॅथा नावाचा जीवाश्म आहे. मुख्यत्वे जबडेच उरलेत. २००४ साली मायकल एंगल आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी त्या जबड्यांच्या सांध्यावरून हा पंखवाल्या कीटकांच्या जवळचा असावा असं मांडलं. म्हणजे पंख एकदम आठ कोटी वर्षं मागे! पण २०१७ साली कॅरोलिन आणि योआखिम हाऊग यांनी तोच नमुना पुन्हा तपासला आणि तो गोमेच्या बाजूचा असण्याची शक्यता दाखवली. एका जबड्यावर एवढा डोलारा उभा करू नये असं माझं मत. जनुकांच्या हिशेबाने मात्र उडणं सुमारे ४०.६ कोटी वर्षांपूर्वीचं येतं. बर्नहार्ड मिसॉफ आणि शंभराच्या आसपास सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अभ्यास. जबडा आणि जनुकं यांचा आकडा जुळतो म्हणून लोक हुरळतात. मी अजून थांबलोय.

आता निळी_जास्वंद यांच्या भुंगेऱ्याला जोडून एक गोष्ट. फ्रान्समध्ये कोमांत्री नावाच्या गावी कोळशाच्या खाणी होत्या. तिथे एकोणिसाव्या शतकात शार्ल ब्रोंनियार यांनी कीटकांचा अद्भुत खजिना गोळा केला. पाऊण मीटरच्या आतबाहेर पंखविस्ताराचा मेगान्युरा तिथलाच, तो सगळ्यांना माहीत असतो. मला त्याच्यापेक्षा तिथलाच स्टेनोडिक्टिया मोलाचा वाटतो. त्याला नेहमीचे चार पंख आहेत आणि त्यांच्या पुढे, छातीच्या पहिल्या खंडावर, आणखी दोन छोट्या पाळ्या आहेत. शिरा असलेल्या. सहा पंखांचा कीटक म्हणा हवं तर.

निळी_जास्वंद
९ जुलै, सकाळी १०:०५

दगड_वाचणारा, तुमच्या पोस्टने अंगावर काटा आला, कारण तो सहा पंखांचा कीटक आम्ही प्रयोगशाळेत पाहतो. पहिल्या खंडावर पंख येऊ नयेत म्हणून सेक्स कोम्ब्ज रिड्यूस्ड नावाचं जनुक पहारा देतं. तोमोयासु, व्हीलर आणि डेनेल यांनी २००५ साली ट्रायबोलियममध्ये तो पहारा उठवला. पहिल्या खंडावरही पंख आले. कौशल्य गेलेलं नाही, फक्त दाबून ठेवलंय, तेही तीस कोटी वर्षं!

मी पहिल्यांदा असा भुंगेरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

सायली_क
९ जुलै, सकाळी ११:३०

मग डासाला दोनच पंख का? त्याचेही दाबलेत का?

निळी_जास्वंद
९ जुलै, दुपारी १२:१०

हो, पण पूर्ण नाही. माशी आणि डासाच्या मागच्या पंखांचे टोकाला गाठ असलेले छोटे लोलक झालेत, हॉल्टिअर. उडताना तोल सांभाळतात. तिथे अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक पंखाला लोलक व्हायला सांगतं. एडवर्ड ल्युईस यांनी ते बिघडवून चार पंखांची फळमाशी घडवली. त्यांना १९९५ साली नोबेल मिळालं. केळ्यांवर घोंघावणारं चिलट हातात सापडलं तर भिंगाखाली बघा. पंखाच्या मागे पिवळसर गाठीसारखे दिसतात.

जुनी_प्रयोगवही
९ जुलै, दुपारी ४:००

निळी_जास्वंद, तुझ्यासारखी विद्यार्थिनी माझ्या वर्गात असती तर... असो, अरेतुरे केलं, वयाचा हक्क समज.

एक विचारतो. दुहेरी उगमवाले म्हणतात पाठ आणि पाय दोन्ही. ब्रूस-पटेल म्हणतात ती पाठीची कडाही मुळात पायच. मग यांच्यात नेमकं भांडण उरतं कुठे?

निळी_जास्वंद
९ जुलै, रात्री ८:५०

सर, अरेतुरेच करा, बरं वाटलं.

भांडण उरतं ते सीमेवर. पाठीची ढाल कुठे संपते आणि जिरलेला पाय कुठे सुरू होतो, ही रेघ प्रौढ कीटकावर दिसत नाही. ढालीची अगदी बाहेरची कडा आठव्या कांड्याची मानली तर सगळा पंख पायाचा. ती कडा खरोखर पाठीची मानली तर पंख दोघांचा. गर्भात पेशींच्या ओळी कुठे थांबतात हे वेगवेगळ्या प्राण्यांत पाहत राहणं हाच मार्ग. मी स्वतः दुहेरी उगमाच्या बाजूला झुकते, कारण भुंगेऱ्याच्या पहिल्या खंडावर दोन वेगळ्या जागा एकत्र येताना मी डोळ्यांनी पाहिल्यात. पण त्या दोन्ही जागा फार मागे गेलं तर एकाच पायाच्या निघतील, हे मला अशक्य वाटत नाही.

घर्षण
९ जुलै, रात्री १०:१५

तीन दिवसांपूर्वी मला वाटत होतं, पंख म्हणजे नव्याने बनवलेला भाग. इथे तर पत्रा एका जागचा, बिजागरी दुसऱ्या जागची, स्नायू पायाचे आणि आज्ञा देणारी जनुकंही जुनीच. तुमची लेक अजून प्रश्न विचारते का? असेल तर तो प्रश्न इथे टाका.

तिरफळ
११ जुलै, रात्री ९:३०

विचारते. आधी सगळ्यांचे मनापासून आभार. निळी_जास्वंद यांचं म्हणणं मी लेकीला वाचून दाखवलं आणि "बाबांनी घाईने सांगितलं होतं, अजून दोन मतं आहेत" हेही सांगितलं. तिला ते जास्त आवडलं.

आज पुन्हा कुर्ल्या आणल्या. तिला सात कांडी मोजायची होती. एक पाय तोडून ताटात मांडला, सुरीच्या टोकाने एकेक सांधा मोजला. सहाच भरली. दुसरा पाय घेतला. पुन्हा सहा. बुडाचं कांडं अंगालाच राहिलं का म्हणून तेही पाहिलं. ते धरूनच सहा होतात. आता ती म्हणते, खेकड्याचंही एक कांडं जिरलंय का? सर, हे काय आहे?

जुनी_प्रयोगवही
१२ जुलै, सकाळी ६:१५

मुलीने बरोबर मोजलंय. खेकड्यात बुडाकडून दुसरं आणि तिसरं कांडं, बेसिस आणि इस्कियम, एकमेकांत जुळून गेलेली असतात. म्हणून सात असूनही सांधे सहाचेच लागतात. अंगात काही जिरलं नाही, दोन शेजारी एक झालेत. तिला म्हणावं, त्या जोडाच्या जागी एक बारीक रेघ शोध. खेकडा संकटात पाय टाकून देतो तो याच जागी तुटतो.

सुटी सात कांडी बघायची असतील तर मोठी कोळंबी आणा, चालायचा पाय घ्या आणि भिंगाखाली बुडापासून मोजा. आणि साफ करताना डोक्याच्या कवचाची एक बाजू कात्रीने अलगद उचला. कल्ले जागेवर असतानाच तिला दाखवा, कोणता कुठे चिकटलाय ते तिलाच काढू दे वहीत. पंख ठेवलेली ती काड्यापेटी शेजारी असू दे.

तिरफळ
१२ जुलै, सकाळी ७:०५

रेघ सापडली. कोळंबी आणायला निघालोय.